'दूध पुरत नाही' असं म्हणण्याआधी

बाळंतपणानंतरची तिसरी रात्र बहुतेक घरांत सारखीच जाते. बाळ दर तासाला रडून उठतं, छातीला लावलं की दोन-चार घुटके घेतं, सोडतं, पुन्हा रडतं. आईचे टाके दुखत असतात, स्तनाग्रं चरचरत असतात, छाती ताठून आलेली असते. आणि उशापाशी बसलेल्या बायकांपैकी कुणीतरी म्हणतंच, "हिला दूधच नाय येत. पोर उपाशी ऱ्हातंय. वरचं द्या जरा." मग पहाटे घरातला कुणीतरी मोटरसायकल काढून बाजारात जातो आणि मेडिकल उघडायची वाट बघत उभा राहतो.

तो दुधाच्या पावडरचा डबा घरात येण्याआधी एक गोष्ट व्हायला हवी. बाळ छातीला नेमकं कसं लागलंय, हे जाणत्या माणसानं दिवसाउजेडी, शांतपणे, जवळून बघायला हवं. चिरा, गाठी, 'दूध कमी', 'बाळ पीतच नाही' या सगळ्या तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण त्यातल्या बहुतेकांचं मूळ तिथेच सापडतं.

आधी दूध तयार कसं होतं ते पाहू. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांतच स्तनांत घट्ट, पिवळसर चीक तयार झालेला असतो. प्रसूतीनंतर वार पडली की शरीरातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्यानं उतरतं आणि दूध बनवणाऱ्या प्रोलॅक्टिनला मोकळीक मिळते. तरीही छाती भरून येऊन पांढरं दूध भरपूर यायला दोन ते चार दिवस लागतात. सिझेरियन झालं असेल, आईला मधुमेह असेल किंवा बाळंतपण फार लांबलं असेल, तर आणखी एखादा दिवस. मधल्या काळात बाळाला मिळतो तो चीक. पहिल्या दिवशी एका वेळेला जेमतेम चमचा-दोन चमचे. हे प्रमाण बघून घरची माणसं घाबरतात, पण बाळाचं पोटही तेव्हा एवढंच मागत असतं. रोगांशी लढणारे घटक या चिकात ठासून भरलेले असतात. तो पिळून टाकून देणं, 'पहिलं दूध जड असतं' म्हणून बाळाला मध चाटवणं, हे आता तरी थांबायला हवं. मधातून बोटुलिझमचे जंतू जाऊ शकतात, म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, बोटभरसुद्धा नाही.

पुढचं सगळं गणित उपशावर चालतं. आपल्याकडच्या विहिरीसारखं: उपसा चालू असला की झरे मोकळे राहतात, उपसा थांबला की पाणी साचतं आणि झरे बुजत जातात. स्तनात दूध तुंबून राहिलं की 'आता पुरे' असा निरोप आतल्या आत जातो आणि नवं दूध बनणं मंदावतं. म्हणून 'छाती भरू दे, मग पाजू' हा सल्ला उलटा आहे. आणि म्हणूनच वरच्या दुधाची एक वाटी दिसते त्याहून महाग पडते. बाळाचं पोट भरतं, ते तीन-चार तास झोपतं, तेवढा उपसा चुकतो, दुसऱ्या दिवशी दूध खरंच थोडं कमी येतं, आणि सगळे म्हणतात, 'बघा, सांगितलं नव्हतं!'

प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, त्यामुळे रात्रीचं पाजणं चुकवून चालत नाही. दूध बाहेर सोडायचं काम ऑक्सिटोसिनचं. बाळाच्या स्पर्शानं, वासानं, रडण्यानं पान्हा फुटतो तो याच्यामुळे. वेदना, भीती, लाज आणि टोमणे यांनी तो अडतो. दूध आत असतं, पण वाहत नाही. 'हिला दूध नाही' हे वाक्य आईच्या कानावर पुन्हा पुन्हा पडत राहिलं, तर ते स्वतःलाच खरं करून दाखवू शकतं. बाळंतिणीच्या खोलीत काय बोललं जातं, हा औषधाइतकाच महत्त्वाचा भाग आहे असं मी मानते.

बाळ लावून घेणं

गुहागरकडच्या एका घरात पाहिलेलं सांगते. मुलगी माहेरी बाळंत झालेली, चौथा दिवस. माजघरात जमिनीवर मांडी घालून, पाठीला काही आधार न घेता, बाळावर ओणवी झाली होती. बाळ मांडीवर उताणं, फक्त मान वळवून टोकाला लागलेलं. गाल आत जात होते, चुटचुट आवाज येत होता. तिनं ओठ दातांत दाबून धरला होता. बाळानं सोडलं तेव्हा बोंड चपटं, एका बाजूनं पांढरं पडलेलं आणि टोकाला बारीक चीर. इतकं बघितलं की पुढचं विचारावं लागत नाही. बाळ फक्त बोंड चावत होतं.

तिला भिंतीला टेकवलं. पाठीशी उशी, मांडीवर दुमडलेली गोधडी, म्हणजे बाळ उंचीवर आलं आणि तिला वाकावं लागेना. बाळ पूर्ण कुशीवर वळवलं, त्याचं पोट तिच्या पोटाला टेकलेलं, कान-खांदा-कंबर एका रेषेत. डोकं मागून दाबलं नाही. तसं दाबलं की बाळ चिडतं आणि मागे रेटतं. हात मानेखाली आणि खांद्यांमागे ठेवला. बाळाचं नाक बोंडासमोर आणलं आणि बोंड वरच्या ओठावर हलकेच फिरवलं. बाळानं जांभई देताना उघडावं तसा मोठा आ केला, त्या क्षणी बाळाला छातीकडे आणलं. छाती बाळाकडे नेली नाही. आधी हनुवटी टेकली, मग खालचा ओठ बाहेर दुमडून बसला. बोंडाभोवतीचा काळसर भाग वरच्या बाजूला थोडा दिसत राहिला, खालचा बहुतेक तोंडात गेला. चुटचुट थांबली. गाल फुगीर राहिले, जबडा कानापर्यंत संथ हलायला लागला आणि दोन-तीन ओढींनंतर घोट गिळल्याचा बारीक आवाज. आजी वाकून ऐकत होत्या. म्हणाल्या, "आता गिळतंय गो."

पहिल्या ओढीला क्षणभर कळ येणं चालतं. पूर्ण वेळ दुखत राहिलं तर लागणं चुकलंय. तसं झालं तर बाळाला ओढून काढू नका. स्वच्छ करंगळी त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून हिरड्यांमध्ये सरकवा, पकड सुटते, आणि पुन्हा लावा. चार वेळा लावावं लागलं तरी चालेल. दहा मिनिटं चुकीचं पाजण्यापेक्षा ते बरं.

सिझेरियनवाल्या आईला पोटावर वजन नको असतं. तिनं कुशीवर निजून पाजावं, किंवा बाळाला काखेखालून बाजूला घेऊन, त्याचे पाय आपल्या पाठीकडे करून. कुठल्याही बाळंतपणानंतर पहिल्या तासातच बाळ छातीला लावायचं असतं. सिझेरियन असलं तरी कुणाच्या तरी मदतीनं ते जमतं. बाळंतपणाआधीच डॉक्टरांना तसं सांगून ठेवा.

चिरा, गाठी, ताप

चिरा पडल्या की घरात तूप, तेल, हळद, बाजारातलं मलम असं सगळं सुरू होतं. खरा इलाज लागणं सुधारणं, मग चिरा काही दिवसांत आपोआप भरतात. पाजून झाल्यावर दुधाचेच दोन थेंब बोंडावर लावून वाऱ्यावर सुकू द्यायचे. साबण लावू नका, नैसर्गिक स्निग्धपणा जातो. पावसाळ्यात आपल्याकडे कपडे सुकतच नाहीत. दमट ब्लाउज तासन् तास अंगावर राहिला की चिरा चिघळतात आणि बुरशी येते. आतून जळजळ, बोंड चकचकीत लालसर, बाळाच्या जिभेवर-गालांत न निघणारे पांढरे डाग असं दिसलं तर आई आणि बाळ दोघांनाही एकाच वेळी औषध लागतं.

छाती ताठणं तिसऱ्या ते पाचव्या दिवशी होतं. गणपतीत हे फार बघायला मिळतं. मुंबईची सगळी माणसं घरात, पडवीपासून माजघरापर्यंत गर्दी, प्रत्येकाला बाळ बघायचंय. बाळंतीण पदर सावरून बसलेली, 'पाहुणे गेले की पाजते' म्हणत. दोन वेळा पाजणं चुकलं की रात्री छाती इतकी टणक होते की बाळाच्या तोंडात काही धरताच येत नाही. अशा वेळी पाजायच्या आधी पाच मिनिटं कोमट पाण्याचं फडकं ठेवा. मग बोंडाच्या मुळाशी, सगळ्या बाजूंनी, बोटांच्या टोकांनी छातीच्या दिशेनं मिनिटभर हळू दाबून धरा. तिथली सूज मागे सरते, भाग मऊ होतो आणि बाळाला पकड मिळते. तरी जमलं नाही तर थोडं दूध हातानं काढा: अंगठा वर, दोन बोटं खाली, बोंडापासून दोन बोटं मागे. आधी छातीकडे दाबायचं, मग अंगठा-बोटं एकमेकांकडे, सोडायचं, पुन्हा. कातडीवर बोटं घासायची नाहीत. पाजून झाल्यावर थंड पाण्याची पट्टी. आणि सणाच्या घरात एक दार आईसाठी बंद राहील, कुणी 'किती वेळ ग' विचारणार नाही, ही जबाबदारी घरातल्या कर्त्या बाईनं घ्यावी.

एखादा भाग लाल, गरम, दुखरा झाला आणि थंडी वाजून ताप आला तर ती स्तनाची सूज आहे. मालिशवाल्या बाईकडून जोरानं गाठ फोडून घेऊ नका. रगडण्यानं आतल्या नाजूक नलिका आणखी सुजतात. थंड शेक द्या, विश्रांती घ्या, डॉक्टरांना विचारून ताप-वेदनेची गोळी घ्या, आणि पाजणं चालू ठेवा. त्या बाजूचं दूध बाळाला बाधत नाही. एका दिवसात उतार पडला नाही तर डॉक्टरकडे जायचंच. प्रतिजैविक लागू शकतं, आणि पाजताना चालतील अशी औषधं आहेत.

बोंड सपाट किंवा आत ओढलेलं असेल तर 'हिला जमणार नाही' म्हणून आधीच हात टेकतात. बाळ बोंडावर पीत नाही, मागचा काळसर भाग तोंडात घेऊन पितं, त्यामुळे बहुतेकींना जमतं. अगदीच आत असेल तर एक साधा उपाय आहे. कर्नाटकातल्या दावणगिरीच्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये तो मांडला आणि आज तो जगभर शिकवला जातो. नव्या सिरिंजचं सुईकडचं टोक कापायचं, दट्ट्या काढून त्या कापलेल्या बाजूनं घालायचा, आणि मूळची गुळगुळीत कड बोंडाभोवती टेकवून दट्ट्या हळूच ओढायचा. अर्धा-एक मिनिट धरायचं, सोडताना आधी दट्ट्या थोडा आत ढकलायचा. पाजण्याच्या आधी काही वेळा केलं की बोंड बाहेर येतं. पहिल्यांदा नर्सताईंकडून करून घ्या.

पुरतंय की नाही, हे कुठे बघायचं

रडण्यावर जाऊ नका. बाळ उकडलं म्हणून, ओलं झालं म्हणून, नुसतं कुशीत यायचं म्हणूनही रडतं. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री तर ते तासातासाला पिऊनच आईचं दूध वाढवत असतं. छाती मऊ वाटली, पिळून थेंब कमी आले, यावरूनही ठरत नाही. बघायचं ते लंगोटात. पहिल्या दिवशी एकदा शू, दुसऱ्या दिवशी दोनदा, असं वाढत पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा वेळा किंवा जास्त, आणि रंग फिकट. शी पहिले दोन दिवस काळी-हिरवी चिकट, मग हिरवट, चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळी आणि सैल. तिला हगवण समजू नका.

वजनाचंही तसंच. जन्मानंतर पहिल्या दिवसांत सगळीच बाळं थोडी उतरतात. तीन किलोच्या बाळानं दोनशे ग्रॅम गमावले तर घाबरायचं कारण नाही, पण तीनशेच्या वर गेलं तर डॉक्टरांना दाखवा. दहा ते चौदा दिवसांत जन्माचं वजन भरून निघायला हवं. त्यानंतर रोज साधारण पंचवीस-तीस ग्रॅम.

चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं हा नियम. इथे आपली एक प्रेमळ सवय आड येते. सकाळी तेल, मग कढत पाण्याची अंघोळ, धुरी, आणि दुपट्यात घट्ट गुंडाळून ठेवणं. बाळ चार-चार तास उठत नाही आणि घर म्हणतं, 'कसं गाढ झोपलंय.' पहिल्या दोन आठवड्यांत तीन तासांच्या वर झोपू द्यायचं नाही. दुपटं सोडा, लंगोट बदला, तळवे चोळा, उघड्या छातीशी धरा. अंघोळीआधी एकदा आणि नंतर लगेच एकदा पाजलं तर हा प्रश्न बराचसा सुटतो. धुरी मात्र बंदच करा, त्या इवल्या फुप्फुसांना धूर सोसत नाही. नवजात बाळाची छाती सुजलेली दिसते म्हणून ती पिळून 'दूध काढणं'ही बंद करा. आईच्या हार्मोनमुळे आलेली ती सूज आपोआप जाते, पिळल्यानं पू होतो.

मे महिन्यात इथे घामाच्या धारा लागतात आणि 'बाळाला तहान लागली असेल' म्हणून चमच्यानं पाणी दिलं जातं. आईच्या दुधात जवळजवळ सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात जास्त वेळा पाजा, बस्स. सहा महिने पूर्ण होईपर्यंत पाणी नको, उगाळलेली गुटी नको, साखरपाणी नको. डॉक्टरांनी दिलेले थेंब आणि औषधं तेवढी चालतात. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की विहिरी गढूळ होतात, वीज दिवसदिवस जाते. वरच्या दुधाला लागणारं स्वच्छ उकळलेलं पाणी आणि भांडी रात्री दोनदा-तीनदा कुठून आणणार? त्या दिवसांत अंगावरच्या दुधाचं मोल कळतं.

आईचं ताट

अळिवाची खीर, ओल्या नारळाचे अळिवाचे लाडू, डिंक, मेथी, बाळंतशेपा, उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी. हे सगळं चांगलं आहे, आईला ताकद देतं, घरच्यांची माया त्यात असते. पण उपसा नसेल तर कुठलाही लाडू दूध वाढवत नाही. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सहाशे कॅलरी जास्त लागतात, आणि नेमक्या त्याच काळात 'हे वातूळ, ते थंड' म्हणून तिचं ताट रिकामं करतात. पाणीही तहान लागेल तितकं द्या. पाजायला बसली की शेजारी तांब्या हवाच.

किनाऱ्यावर बाळंतिणीला मोरीचा किंवा मुशीचा रस्सा मुद्दाम देतात. मासे जरूर द्या, पण मोरी म्हणजे शार्क, आणि मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. तो आईच्या दुधात उतरू शकतो. बांगडा, तारली यांसारखे छोटे मासे जास्त चांगले, स्वस्तही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर सहा महिने चालू ठेवायच्या असतात. घरी आल्यावर त्या डब्यात पडून राहतात, तेवढं बघा.

खरंच कमी पडतं तेव्हा

काही आयांना खरोखर दूध कमी येतं. बाळंतपणात फार रक्त गेलं असेल, वारेचा तुकडा आत राहिला असेल, थायरॉइड असेल, स्तनाची शस्त्रक्रिया झाली असेल, किंवा मुळात दूधग्रंथीच कमी वाढलेल्या असतील. त्या आईनं काही कमी केलेलं नसतं. तिच्या बाळाला डॉक्टर सांगतील तेवढं वरचं दूध द्यायलाच हवं, आणि ते देताना तिला कुणी खाली बघायला लावू नये. जे थोडं येतं तेही पाजत राहावं, त्याचा उपयोग आहेच. मात्र डबा डॉक्टरांच्या सल्ल्यानं यावा, जाहिरातीनं नाही. दोन वर्षांखालच्या मुलांच्या दुधाच्या पावडरची जाहिरात करायला, फुकट नमुने वाटायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे.

कमी वजनाच्या, दिवस पूर्ण न झालेल्या बाळाला ओढायचीच ताकद नसते. त्याला आईच्या उघड्या छातीशी, कपड्याच्या आत, कांगारूसारखं तासन् तास धरून ठेवायचं, आणि दूध हातानं काढून वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं, म्हणजे चोचीच्या छोट्या भांड्यानं, द्यायचं. बोंडलं आपल्या आज्यांच्या फडताळात असतंच, उकळून घेतलं की झालं. बाटली टाळा, ती नीट धुतली जात नाही आणि बाळ छातीचं ओढणं विसरतं. काढलेलं दूध आपल्या उकाड्यात बाहेर चार तासांच्या वर ठेवू नका. मोठ्या शहरांत मातृदुग्ध पेढ्याही आहेत. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली पेढी सुरू केली. आई फार आजारी असेल तेव्हा अशा पेढीतलं दूध कमजोर बाळांना दिलं जातं.

बाळ प्यायला उठतच नसेल, पहिल्या काही दिवसांनंतर आठ तासांत शू झाली नसेल, अंग तापलेलं किंवा गार लागत असेल, पिवळेपणा तळहात-तळव्यांपर्यंत पोचला असेल, तर सकाळची वाट बघू नका. कोवळं ऊन दाखवून कावीळ जात नाही. १०२ किंवा १०८ ला फोन करा. आई दोन आठवड्यांनंतरही सारखी रडत असेल, बाळाकडे बघवत नाही म्हणत असेल, तर तीही डॉक्टरांना सांगायचीच गोष्ट आहे.

एरवी रोजच्या अडचणींसाठी आशाताई आहेत. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी यायचं असतं. त्या आल्या की चहा देऊन वजन करून घेऊन लगेच पाठवू नका. बाळाला त्यांच्यासमोर पाजा, आणि दुखतंय का, घोट ऐकू येतोय का, हे त्यांना जवळ बसून बघू द्या.